संगणककक्षातील बूट

परभणीतील एका महाविद्यालयात १९९०च्या जून महिन्यात चार संगणक आले. त्यांच्याआधी खोलीला दुहेरी पडदे आले, जमिनीवर हिरवे लिनोलियम आले, भिंतीत वातानुकूलनाचे यंत्र बसले आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून परिचर रंगनाथ याची बदली झाली. दारावरची पाटी त्यानेच सुवाच्य अक्षरांत रंगवली : ‘पादत्राणे बाहेर काढावीत. अपवाद नाही.’ शेवटचे दोन शब्द प्राचार्यांनी सांगितलेले नव्हते. ते रंगनाथने आपल्या मनाने घातले होते.

रंगनाथचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. चौदा वर्षे तो महाविद्यालयात काम करत होता आणि चौदाही वर्षे तात्पुरता होता. येत्या मार्च महिन्यात त्याला कायम करण्याचा ठराव संस्थेपुढे यायचा होता. संगणक पोहोचवायला आलेला माणूस जाता जाता बोलून गेला होता की, धुळीचा कण आत गेला तर यंत्र बसलेच म्हणून समजा. तेव्हापासून रंगनाथला दुसरे काही दिसेना. सकाळी दार उघडण्यापूर्वी तो उंबऱ्यावर ओले फडके फिरवी, यंत्रांवरची कापडी आवरणे अंगणात नेऊन झटकी आणि कोणी शिंकले तरी फडके घेऊन धावे.

मात्र धुळीची भीती अगदी अलीकडची होती. तिच्या तळाशी एक जुनी भीती होती आणि ती सेलूहून आलेली होती. त्याचे वडील व्यंकटराव सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात यंत्रावर कापूस घालण्याच्या कामावर होते. दरवर्षी खंडेनवमीला तेथे यंत्रांची पूजा होई. रांगेतल्या पहिल्या यंत्राला सगळ्यांच्या वतीने मान असे आणि हळदीकुंकू लावायचे ते यंत्राच्या तोंडाला, म्हणजे कापूस आत ओढून घेणाऱ्या फटीला. कारण घात करते ते तोंडच. एका वर्षी मालकाच्या शहरात शिकून आलेल्या मुलाने ही पूजा बंद केली. त्याच पौषात यंत्राने व्यंकटरावांचा उजवा हात कोपरापर्यंत ओढून नेला. नऊ वर्षांचा रंगनाथ तेव्हा त्यांचा डबा घेऊन दारात उभा होता. ओरडणे त्याला पुढे आठवत नसे. पट्टा काढल्यावर यंत्र हळूहळू थांबत गेले, तो आवाज मात्र त्याच्या कानात कायमचा राहिला. व्यंकटरावांना नंतर त्याच कारखान्यात कापसातून किती रुई निघाली ते तोलण्याच्या लहान काट्यावर बसवले. ते डाव्या हाताने लिहायला शिकले. कागद हलू नये म्हणून त्यावर शंभर ग्रॅमचे पितळी वजन ठेवीत. ते गेल्यावर ते वजन रंगनाथने आपल्याजवळ ठेवले होते.

जुलैमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके सुरू झाली. वीस विद्यार्थ्यांत एक मुलगी होती, झुंबर आश्रुबा घुगे. जिंतूर तालुक्यातल्या एका वाडीची. आश्रुबा आणि त्यांची बायको दरवर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जात. झुंबर तीन वर्षांची असताना अशाच एका तळावर तिला ताप आला आणि उतरला तेव्हा कमरेखालचे दोन्ही पाय सोबत घेऊन गेला. आता ती लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने उभी राही. त्या पट्ट्या मांडीपासून निघून खाली जड बुटांत पक्क्या बसवलेल्या होत्या. बूट काढायचे म्हणजे पट्ट्या सोडायच्या आणि पट्ट्या सोडल्या की उभे राहणे संपले.

पहिल्या दिवशी तिने पाटी वाचली. कोणाला काही न विचारता ती उंबऱ्याशी खाली बसली, एकेक पट्टा सोडला, लोखंड भिंतीशी नीट उभे करून ठेवले आणि दोन्ही हातांवर शरीर ओढत हिरव्या लिनोलियमवरून आत आली. दोन मुलांनी तिला उचलून खुर्चीवर ठेवले. रंगनाथने तिच्या परकरामागे जमिनीवर उमटलेला पुसट ओला पट्टा पाहिला आणि हातातल्या फडक्याने तो पुसायला पुढे झाला. पण खाली वाकता येईना. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही आठवड्यात आली नाही. तीन प्रात्यक्षिके ओळीने चुकली की त्या विषयातून नाव कमी होत असे, आणि हजेरीपुस्तक रंगनाथच्याच कपाटात असे.

चौथ्या आठवड्यातल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्याने घरी आवरणाच्या उरलेल्या जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवायला घेतल्या, बुटांवर चढवून वर नाडीने बांधता येतील अशा. त्याची बायको नर्मदाबाई म्हणाली, की घरातली उशी तीन वर्षे उसवलेली आहे, तिच्याकडे मात्र यांची सुई कधी वळत नाही. रंगनाथने मान वर केली नाही. सकाळी तो संगणकाचे प्राध्यापक बन्सीधर सरांकडे परवानगी मागायला गेला. सर वाईट मनुष्य नव्हते. परंतु यंत्रांच्या कागदांवर त्यांची सही होती आणि तेही भीतीतच दिवस काढत होते. पिशव्या उलटसुलट पाहून ते म्हणाले, “चालेल. पण तुमच्या जबाबदारीवर, रंगनाथराव.”

पिशव्या वसतिगृहावर पोहोचल्या आणि झुंबर परत आली. तिला दाराजवळचे पहिले यंत्र मिळाले. बसल्यावर तोल जाऊ नये म्हणून तिला डाव्या हाताने टेबल घट्ट धरून ठेवावे लागे आणि कळफलकासाठी उजवा हातच उरे. कंस, अवतरण, तारा अशी कितीतरी चिन्हे दोन कळी एकदम दाबल्याशिवाय उमटत नसत. ती एक कळ हनुवटीने दाबू पाही आणि घामाघूम होई. ते पाहून रंगनाथला वडिलांचा कागद आठवला. पुढच्या प्रात्यक्षिकाला त्याने पितळी वजन फडक्यात गुंडाळून आणले आणि त्या कळीवर ठेवले. कळ दबून राहिली. झुंबरने बोटाने कंस उमटवला, वजन उचलले, पुन्हा ठेवले, दुसरा कंस उमटवला.

“मामा,” ती म्हणाली, “हे तर माज्या डाव्या हातापेक्षा हुशार हाय.”

सप्टेंबरपर्यंत ती वर्गातल्या पहिल्या तिघांत आली.

नवरात्र लागले तशी रंगनाथची झोप उडाली. प्राचार्य सूर्यभानराव यांनी लेखी सूचना काढली होती : संगणककक्षात पूजा, उदबत्ती, नारळ यांपैकी काहीही करू नये. ती सूचना दारावर त्याच्याच हातून लागली होती. शहरात शिकून आलेल्या मालकाच्या मुलानेही असाच कागद लावला होता काय, ते त्याला आठवेना. आता पहिल्या यंत्रापुढे एक मुलगी बसत होती, आणि यंत्राने जिच्याकडून घ्यावे असे फारसे काही उरलेले नव्हते; दोन हातच काय ते उरले होते. खंडेनवमीच्या सकाळी शिपाईसुद्धा यायच्या आत त्याने खोली आतून लावून घेतली. उदबत्ती लावली नाही, नारळ फोडला नाही. पहिल्या यंत्रापुढे हात जोडले आणि चिमूटभर कुंकू व चार अक्षता त्याच्या तोंडाला, म्हणजे फ्लॉपी आत सरकवण्याच्या फटीला, वाहिल्या. मग कोणाला दिसू नये म्हणून फडक्याने ते तोंड चांगले दाबून पुसले.

सुट्टी संपल्यावरच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात झुंबरने फ्लॉपी आत घातली आणि यंत्रातून दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. पडद्यावर चूक झाल्याची ओळ उमटली. बन्सीधर सरांनी दुसरी फ्लॉपी घातली, तीही गेली. बाहेर काढलेल्या चकतीवर गोल ओरखडा होता. सर वाकले आणि टेबलाखाली पाहू लागले. झुंबरच्या उजव्या बुटावरची पिशवी अंगठ्यापाशी उसवली होती आणि लिनोलियमवर वाळल्या चिखलाची एक खपली पडली होती.

“हे पाहा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तो अधिक लागला.

सगळे चिखलाकडे पाहत होते. रंगनाथ तेवढा सरांनी आपल्या हाती दिलेल्या फ्लॉपीच्या कडेकडे पाहत होता. तेथे लाल रंगाची केसाएवढी रेघ होती. त्याने ती अंगठ्याने झाकली.

सायंकाळी सरांनी त्याला बोलावून घेतले. प्राचार्यांकडे द्यायचे टिपण तयार होते : अपंग विद्यार्थिनीस संगणककक्षात प्रवेश देणे यंत्रांच्या दृष्टीने योग्य नाही, तिने विषय बदलावा. विषय बदलण्याची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती; म्हणजे तिचे वर्ष जाणार होते. शुक्रवारी प्राचार्य निर्णय देणार होते. शनिवारी औरंगाबादहून यंत्राचा कारागीर यायचा होता. रंगनाथने फक्त एवढेच लिहून द्यायचे होते की, त्या दिवशी पिशवी फाटलेली असताना विद्यार्थिनीने ती गोष्ट लपवली. “मार्चमध्ये तुमचा ठराव आहे,” सर म्हणाले. “मला तुमच्यावर काही येऊ द्यायचे नाही.” हे त्यांनी मनापासून म्हटले होते, आणि त्यामुळेच त्यांनी पुढे केलेला कोरा कागद रंगनाथला नाकारता आला नाही. कागदाची घडी खिशात घालून तो घरी आला.

गुरुवारी बंद होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात पुन्हा ताण होता; एसटी आगारातच उभ्या होत्या, दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या आणि चौकात पोलिसांची गाडी होती. भर दुपारी रंगनाथ भिंतीच्या कडेकडेने चालत महाविद्यालयात आला. पहारेकऱ्याला त्याने सांगितले की, पडदे उतरवायचे आहेत. खरी गोष्ट अशी होती, की वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पेचकस आणि उंटाच्या केसांचा मऊ कुंचला त्याच्या पिशवीत होता.

पेच निघाले, झाकण उचलले गेले. आत फुंकर जाऊ नये म्हणून त्याने श्वास रोखून धरला. फटीच्या आत, लहानशा लोखंडी चौकटीत, कुंकू बसले होते. फडक्याने पुसताना त्यानेच ते आत दाबले होते. एक तांदळाचा दाणा एका कोपऱ्यात उभा अडकला होता. मातीचा कण कोठेही नव्हता.

कुंचल्याचे दोन फटकारे पुरले असते. चिमटा लावला असता तर दाणा निघाला असता. शनिवारी कारागिराला आत काहीच मिळाले नसते आणि दोष जेथे होता तेथेच, बुटांवर, राहिला असता. रंगनाथने कुंचला उचलला. कुंचल्याचे केस चौकटीला टेकले आणि तेथेच राहिले.

तेव्हा ओसरीवरून आवाज आला. लोखंडाचा एक टोला, मग फरफट. पुन्हा टोला, पुन्हा फरफट. दार लावायचे राहिले होते. आवाज उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

झुंबर वसतिगृहातून आली होती. तिच्या हातात दोन्ही पिशव्या होत्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, उसवलेली शिवण पुन्हा घातलेल्या. आत न येता तिने त्या पुढे केल्या.

“मामा, हे घ्या. शिवण उसवलेली मला त्या दिवशी दिसली न्हाई. माज्यापायी तुमच्यावर आलं.”

रंगनाथने विचारले, आता ती काय करणार. तिने सांगितले की, बाप सोमवारी टोळीबरोबर निघणार आहे आणि त्याचा निरोप आला आहे. “बा म्हनतोय, शिकनं झालं असंल तर चल. कोपीवर भाकरी थापायला बसून येतंय.” हे ती सहज बोलली, पण ज्या तळावर पाय गेले तिथल्या झोपडीचे नाव घेताना तिने दाराची चौकट धरली.

मग तिचे लक्ष उघड्या यंत्राकडे गेले. “मशीन उघडलंय तुमी. माजीच माती हाय का आत?”

या प्रश्नाला खोटे उत्तर देणे फार सोपे होते. नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. रंगनाथला ती मान हलवता आली नाही.

“ये. बघ,” तो म्हणाला.

“बुटाला पिशव्या न्हाईत, मामा.”

“असू दे. तशीच ये.”

उघड्या बुटांनी ती पहिल्यांदाच त्या लिनोलियमवर चालत आली. टेबलाचा आधार घेऊन वाकली, बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बोटाचे टोक आत घातले आणि बाहेर काढून पाहिले.

“हे तर कुकू हाय.”

रंगनाथने सांगितले, कोणी घातले ते. का घातले, तेही सांगितले. सेलूचे यंत्र, पट्टा, दारात उभा असलेला मुलगा, सगळे. बोलताना तो तिच्याकडे न पाहता कळफलकावरच्या पितळी वजनाकडे पाहत होता. झुंबर ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला, मग घट्ट झाला.

“कुकू देवाचं,” ती म्हणाली, “आन् पाप बुटाचं.”

तिची नजर त्याच्या हातातल्या कुंचल्यावर गेली.

“आता पुसनार का?” तिने विचारले. उत्तराची वाट न पाहता तिने पिशव्या खुर्चीवर ठेवल्या आणि ती वळली. टोला, फरफट, टोला, फरफट. आवाज ओसरीवरून दूर गेला, आणि सगळ्यात शेवटी पायऱ्यांवर. त्या पायऱ्या तीन होत्या. रंगनाथने त्या कधी मोजल्या नव्हत्या, त्या दिवशी मोजल्या.

त्याने कुंचला पिशवीत टाकला. कुंकू आणि दाणा होते तसेच राहू दिले, झाकण बसवले, चारही पेच आवळले. मग खिशातला कोरा कागद काढून प्राचार्यांच्या नावे अकरा ओळी लिहिल्या. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही. नर्मदाबाईला त्याने सर्व सांगितले. चुलीतले लाकूड मागे ओढत ती म्हणाली, की कुंकू तिच्याच करंड्यातले होते, तेव्हा अर्धा दोष तिचा लिहायला हवा होता.

शुक्रवारी प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बन्सीधर सर उभे होते. आपली सूचना मोडली गेली, याचा राग प्राचार्यांच्या चेहऱ्यावर होता. पण त्यांनी विचारले ते वेगळेच. “उद्या कारागिराला हे दिसलेच असते. मग आज सांगायचे कारण?”

“उद्यापर्यंत पुसता आले असते, साहेब,” रंगनाथ म्हणाला. “म्हणून आज आलो.”

शनिवारी कारागिराने झाकण उचलले आणि शीळ घातली. दोन तासांत यंत्र चालू झाले. बन्सीधर सरांनी आपले टिपण स्वतःच्या हाताने फाडले, मात्र रंगनाथशी पुढे महिनाभर ते बोलले नाहीत. रंगनाथची बदली सायकल स्टँडवर झाली आणि मार्चमधला ठराव संस्थेपुढे आलाच नाही. ही शिक्षा त्याने नियमाप्रमाणे मानली. तिच्यात त्याला अन्याय वाटला नाही. भीती मात्र वाटली, की आता हे असेच निवृत्तीपर्यंत.

अनपेक्षित ते पुढे घडले. संगणककक्षात आलेला नवा परिचर पाटीवर बोट ठेवून झुंबरला दारातच अडवू लागला. पिशव्या असोत वा नसोत, बूट ते बूट. वर लिहिलेच आहे, अपवाद नाही. दोन प्रात्यक्षिकांना ती ओसरीवर उभी राहून परत गेली. तिसऱ्या प्रात्यक्षिकाआधी रंगनाथ सायकल स्टँड सोडून प्राचार्यांकडे गेला आणि म्हणाला, त्या पाटीवरचे दोन शब्द माझे आहेत, ते मला परत द्या. परवानगी मिळताच त्याने रॉकेलाच्या बोळ्याने ‘अपवाद नाही’ हे शब्द पुसले. मागे एक फिकट डाग उरला. पायऱ्यांवर टाकायला संस्थेच्या सुताराकडून त्याने फळ्यांचा उतारही करून घेतला. त्यासाठी मात्र चार महिने आणि सात अर्ज लागले.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, त्या दिवशी रंगनाथ सायकलींच्या रांगा सरळ करत होता. आधीच सरळ असलेल्या रांगा तो पुन्हा सरळ करत होता. परीक्षकांनी बूट पाहून काही म्हटले तर? कळफलकावरचे वजन हा गैरप्रकार ठरवला तर? वीज गेली तर? तीन तासांत त्याने पाणीसुद्धा घेतले नाही. अखेर उतारावरून आवाज आला, टोला, फरफट. झुंबर त्याच्यासमोर येऊन थांबली. परीक्षकांनी वजन हातात घेऊन तोलून पाहिले, असे तिने सांगितले. मग विचारले, दुसरा हात कशात गुंतला आहे. टेबल धरून ठेवलंय, असे तिने सांगितल्यावर त्यांनी वजन आपल्या हाताने पुन्हा कळीवर ठेवले.

रंगनाथने वजन घ्यायला हात पुढे केला. तिने ते आपल्या पिशवीत टाकले. “अजून दोन वर्षं हायेत, मामा.”

पुढच्या वर्षी खंडेनवमीला रंगनाथ सायकल स्टँडवर बसला होता. खिशात कुंकवाची पुडी होती; घरून निघताना हात आपोआप करंड्याकडे गेला होता आणि आता तिचे काय करावे, ते त्याला कळत नव्हते. संगणककक्षात चार यंत्रे पूजेवाचून चालू होती. कानात सेलूचा पट्टा फिरत होता. झुंबर प्रात्यक्षिकाला निघाली होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळले असावे, कारण ती वळून त्याच्याकडे आली, खांबाला धरले आणि लोखंडी पट्टीचा पाय पुढे केला.

“ह्याला लावा,” ती म्हणाली. “ह्याला तोंड न्हाई.”

रंगनाथ खाली वाकला. घोट्याच्या वर, जेथे लोखंड बुटात शिरत होते, तेथे त्याने कुंकवाचे एक बोट टेकवले. टिळा थोडा वाकडा उमटला. तो पुसून पुन्हा लावण्याची त्याची सवय होती. त्या दिवशी त्याने तो तसाच राहू दिला, आणि उतारावरचा आवाज दारापर्यंत पोहोचून आत जाईपर्यंत तो उभा राहिला.